गृहभेटीत घर नको, पोर बघा

अनाथ किंवा निराधार मुलांना मामा-मामीसारख्या दुसऱ्या कुटुंबात ठेवून सरकार त्यांच्यासाठी दरमहा पैसे देतं, ती बालसंगोपन योजना. तिच्या गृहभेटी मी तासगाव तालुक्यात बरीच वर्षं करतेय. नव्या कार्यकर्त्या फॉर्म भरून आणतात : घर पक्कं, नळ आहे, संडास आहे, मूल समाधानी. समाधानी कशावरून, विचारलं की गप्प. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समितीने दर महिन्याला बघायचं ते मुलाचं बरं चाललंय का हे, घराचं बांधकाम नव्हे.

पहिल्याच भेटीत उंची-वजन घ्या. चप्पल काढून, टाचा दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलची खूण करा. वजन दर वेळी एकाच काट्यावर, बहुतेक अंगणवाडीत मिळतो. पुढच्या प्रत्येक भेटीची तुलना या पहिल्या आकड्यांशीच करायची. महिन्याचे २,२५० रुपये मुलापर्यंत पोचले का, ते त्याच्या पायातल्या चपलेकडे बघून कळतं.

"शाळेत जातो का?" हा प्रश्न घरी विचारू नका. शाळेत जाऊन हजेरीपट उघडा, आणि आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामातला उघडा. एका मुलाचे फेब्रुवारीत नऊ दिवस भरले होते, त्याच घरातल्या सख्ख्या मुलाचे बावीस. हा कुठं होता? बेदाण्याच्या शेडवर.

मनाचं मोजायला पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 'एसडीक्यू'. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली. इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीखालच्या मुलांसाठी सांभाळणाऱ्यांकडून ती दरवर्षी भरून घेतात. भीती-काळजी, वागणूक, चंचलपणा आणि सवंगड्यांशी जमणं यांची बेरीज शून्य ते चाळीस येते; दुसऱ्याला मदत करण्याचे गुण वेगळे ठेवायचे. बेरीज म्हणजे आजाराचं निदान नव्हे. मी मुलाला सांभाळणाऱ्या मामीकडून एक आणि शाळेतल्या गुरुजींकडून एक भरून घेते. एकदा मामीची बेरीज चार आली, गुरुजींची एकोणीस. मग शाळेत अर्धा दिवस बसले.

मुलाशी बोलायचं ते घरच्यांसमोर नको. शेरडं बांधायला जात असेल तर सोबत जा. "इथं बरं वाटतं का?" याला उत्तर ठरलेलं असतं. "रात्री कुठं झोपतेस? शेजारी कोण असतं?" असं विचारा.

माझी चूक सांगते. एका मुलीपुढे मी सलग तीन भेटी 'शांत, आज्ञाधारक' लिहिलं. चौथ्या भेटीत तिने मामीला विचारलं, "पाणी घेऊ?" माठ हाताच्या अंतरावर होता. नंतर "बसू?", "जाऊ?" तासाभरात सात वेळा. तेव्हापासून मी परवानग्या मोजते. सहा महिन्यांनी तिच्या दोनवर आल्या. पुढच्या भेटीत तिने मामीवर चिडून दार आपटलं, आणि मी 'सुधारणा' या रकान्यात तेच लिहिलं. साहेबांनी त्याभोवती लाल गोल केला. मी खोडलं नाही.