पोटाचा टीबी: सोनोग्राफी-सीटीच्या रिपोर्टवरून घाई नको, या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही जा, हे ऐकायला मिळतंच. पोराचं पोट सारखं दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टात ‘आतड्याजवळ गाठी’ आल्या आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. लहान मुलांच्या पोटात बारीक गाठी (लसिका ग्रंथी, लिम्फ नोड) एरवीही दिसतात, साध्या जुलाबानंतरही फुगतात. म्हणून रिपोर्टातला आकडा बघा. गाठीची आखूड बाजूची रुंदी (शॉर्ट अ‍ॅक्सिस) ८-१० मिलिमीटरच्या आत असेल, ताप नसेल, वजन नीट वाढत असेल, तर नुसत्या गाठीवरून टीबी ठरत नाही.

संशय वाढतो तो गाठी मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर. सीटीत त्यांची कड उजळ आणि मधला भाग काळपट दिसतो. जोडीला पोटात पाणी, किंवा उजवीकडे खाली, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली भिंत जाड.

तरीही हा पुरावा नव्हे. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सरही स्कॅनवर असाच दिसू शकतो. म्हणून पोटातलं पाणी किंवा दुर्बिणीतून तुकडा काढून तपासायचा. इथं एक गोष्ट हमखास राहून जाते: सगळे तुकडे फॉर्मालिनच्या (नमुना टिकवायच्या रसायनाच्या) बाटलीत जातात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही. तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगा, “एक तुकडा सलाईनमध्ये ठेवा, सीबीनॅट आणि कल्चरला पाठवायचाय.” सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असंही नाही, पोटाच्या टीबीत जंतू थोडेच असतात.

छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोटाचा टीबी असलेल्या कितीतरी जणांचा एक्स-रे स्वच्छच असतो.

आपल्याकडे पेशंट आज बेळगावात, उद्या मिरजेत, परवा गोव्यात. जाताना नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका, फिल्म आणि सीडीही घ्या. जुनं-नवं शेजारी ठेवल्याशिवाय गाठ वाढली की घटली कळत नाही. टीबीची औषधं तिन्ही राज्यांत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि नि-क्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवरची नोंद दुसऱ्या राज्यात बदलून घेता येते.

सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावरही स्कॅनमध्ये छोट्या गाठी उरू शकतात. ताप गेलाय, भूक लागतेय, वजन वाढलंय, तर तेवढ्यावरून गोळ्या लांबवायची मागणी करू नका.