कृषी सेवा केंद्राचा डेटाबेस बनवताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा अशा गावांत डेटाबेस शिकणाऱ्या पोरांना पहिलं खरं काम मिळतं ते बहुधा ओळखीतल्या कृषी सेवा केंद्राचं. मालक म्हणतो, "बियाणं, खत, औषध अन् उधारी, एवढं कॉम्प्युटरवर करून दे ना भाऊ." पोरगा त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून टेबल पाडायला बसतो. तिथंच गाडी चुकते. टेबल नंतर, आधी दुकानातली कीर्द आणि खतावणी मागून घ्या आणि अर्धा दिवस चाळा.

कीर्दीत रोजचा व्यवहार घडला तसा, तारखेवार उतरतो. खतावणी त्याच नोंदींतून खातेवार काढलेली असते. कीर्दीत खोडत नाहीत, चुकलं तर उलटी नोंद करतात. तुमचं मुख्य टेबल म्हणजे कीर्द आणि खतावणी म्हणजे त्यावरची क्वेरी, म्हणजे त्यातून विचारून काढलेली माहिती. हे डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

शिल्लक हा कॉलम

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मालाच्या टेबलात 'शिल्लक' नावाचा कॉलम, विक्री झाली की वजा, खरेदी झाली की अधिक. जून उजाडतो, पेरणीची गर्दी होते, स्क्रीनवर 40 पोती दिसतात आणि गोदामात 37 निघतात. तीन कुठं गेली? डेटाबेसला माहीत नाही, कारण त्यानं फक्त शेवटचा आकडा ठेवला. एखादं पोतं फुटलं असेल, एखादं शेजारच्या दुकानदाराला उसनं गेलं असेल, एखादं बिल दोनदा सेव्ह झालं असेल.

मालाच्या हालचालीचं वेगळं टेबल करा. खरेदी, विक्री, परत, नासधूस, उसनं, मोजणीतला फरक, असा प्रत्येक प्रकार त्यात ओळ म्हणून पडू द्या. शिल्लक म्हणजे त्या ओळींची बेरीज. "हळू चालेल ना मग?" असं हमखास विचारलं जातं. इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नीट असेल तर दुकानाच्या काही लाख ओळींची बेरीज साध्या कॉम्प्युटरलाही जड नाही.

उधारीचंही तेच, फक्त एक गाठ जास्त. आपल्याकडे शेतकरी जूनमध्ये माल उचलतो आणि कापूस विकला की पैसे देतो, तेही तुकड्या-तुकड्यानं. म्हणून बिलाच्या टेबलात 'पैसे मिळाले: हो/नाही' असा कॉलम काही कामाचा नाही. जमेचं टेबल वेगळं हवं. कोणती जमा कोणत्या बिलापोटी किती वळती केली, याचं तिसरं टेबल. आधी जुनं बिल फेडायचं की शेतकरी सांगेल ते, हे मालकाला विचारा. प्रत्येक दुकानाची रीत निराळी असते.

पोतं म्हणजे किती?

युरियाचं पोतं 2018 पासून 45 किलोचं आहे, त्याआधी 50 चं होतं. डीएपी आजही 50 चं. ज्यानं प्रोग्रामात 'पोतं = 50 किलो' असं कायमचं कोरून ठेवलं, त्याचा टनाचा हिशेब गडबडलाच. माल आणि त्याचं पॅकिंग अशी दोन टेबलं ठेवा, आणि वजन पॅकिंगच्या ओळीत लिहा. पॅकिंग बदललं की नवी ओळ टाका, जुनीला हात लावू नका.

दराचं आणि कराचंही असंच. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दर जर फक्त मालाच्या टेबलात असेल आणि बिल छापताना तिथून उचलला जात असेल, तर ऑगस्टचं जुनं बिल पुन्हा काढल्यावर नव्या कराचं निघेल. मालकाला हे कळतं ते थेट कर सल्लागाराच्या टेबलासमोर. विक्रीच्या दिवशीचा भाव आणि कराचा दर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवा.

कीटकनाशकांना बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख लागते, आणि ती मालाला नसते, आलेल्या खेपेला असते. एकाच औषधाच्या दोन बॅच कपाटात शेजारी उभ्या असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. कोणती बाटली कुठून आली आणि कोणाला गेली, हा आपल्या भागात नुसता कागदी प्रश्न राहिलेला नाही. त्यामुळे विक्रीची ओळ औषधाला जोडू नका, बॅचला जोडा.

"कोन्ता रामदास?"

ग्राहकाचं नाव हीच 'की' (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) करणारे अजून भेटतात. एका गावात एकाच नावाचे दोघं-तिघं असतात, आणि दुकानदार त्यांना पुऱ्यावरून किंवा बापाच्या नावावरून ओळखतो. मोबाइल नंबरही 'की' म्हणून चालत नाही, कारण एक नंबर घरातले तिघं वापरतात आणि सिम बदललं की नंबरही जातो. आपला स्वतःचा खाते क्रमांक द्या. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि दुकानात चालणारी ओळख हे वेगळे कॉलम ठेवा.

मग येते मराठी टंकलेखनाची गंमत. 'बोऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात वेगळं ऱ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतं आणि एक नाही, नि त्याच माणसाची दोन खाती तयार होतात. नुसतं युनिकोड नॉर्मलायझेशन (अक्षरं एका ठरावीक रूपात आणायची तयार सोय) हे मिटवत नाही. सेव्ह करण्यापूर्वी ती जोडी स्वतः एकाच रूपात बदलून घ्या. जुना डेटा कृतीदेवसारख्या फॉन्टात असेल तर आत इंग्रजी अक्षरंच आहेत, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेट तपासा, टेबलाचा आणि कनेक्शनचाही. तो यूटीएफ8एमबी4 हवा.

जुनी एक्सेल आयात करताना बँक खाते क्रमांक डोळ्यांनी पाहा. एक्सेल आकड्यांत 15 पर्यंतच अंक नीट धरतं, पुढचे शून्य करतं, आणि सुरुवातीचं शून्य तर खाऊनच टाकतं. असे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवायचे. तारखा 2025-06-05 अशाच साठवा, नाहीतर 5 जून की 6 मे हा वाद पेरणीच्या दिवसांत नक्की होणार. पैसे फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशात) नकोत: 266.50 रुपये म्हणजे 26650 पैसे, पूर्णांक.

अडकलं तर

'डेटाबेस इज लॉक्ड' असं एसक्यूलाइट (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) म्हणत असेल, तर बहुधा एकच फाइल शेअर्ड फोल्डरमधून दोन कॉम्प्युटर वापरताहेत. एसक्यूलाइट त्यासाठी नाही. दोन काउंटर असतील तर एका मशीनवर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी बसवा.

बिल आहे पण माल कमी झाला नाही, असं वीज गेल्यावर आढळलं तर दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही) नव्हत्या. भारनियमन गृहीत धरूनच लिहा. मूळ बिलच नसलेल्या ओळी सापडल्या? एसक्यूलाइटमध्ये 'फॉरेन की'ची (एका टेबलाची ओळ दुसऱ्यातल्या ओळीला जोडणाऱ्या दुव्याची) तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला 'प्रॅग्मा' या आज्ञेनं चालू करावी लागते.

बिल क्रमांकात मध्येच खळगा पडतो, कारण ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे डेटाबेस आपोआप वाढवतो तो नंबरच बिलावर छापला. तो फसलेल्या सेव्हलाही खर्च होतो. बिलाची मालिका वेगळी, सलग, दर आर्थिक वर्षाची. जीएसटीत ती 16 अक्षरांत बसली पाहिजे. रद्द बिल पुसू नका, रद्द अशी खूण करा.

चालू फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर मारणं म्हणजे बॅकअप नव्हे. डेटाबेसची स्वतःची बॅकअप सोय वापरा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर ती उघडून पाहा.

आणि काम जूनमध्ये सुरू करून देऊ नका, मालक कितीही मागं लागला तरी. काउंटरवर गर्दी, चार माणसं एकदम भाव विचारतात, त्यात नवी स्क्रीन कोणी शिकत नाही. उलंगवाडी (कापसाच्या हंगामाचा शेवट) झाली, उधारी बरीचशी वसूल झाली की 1 एप्रिल गाठा. प्रत्येक खातेदाराची सुरुवातीची बाकी ही एक साधी नोंद म्हणून घाला, त्या तारखेसह, आणि खरीप निघेपर्यंत कीर्द हातानंही चालू ठेवा. रोज संध्याकाळी दोन्हींची गल्ल्याची बेरीज जुळते का, एवढं पाहायचं.