दवाखान्याचं पेज सत्कारासाठी नसतं: या चुका टाळा

तालुक्याच्या दवाखान्याचं फेसबुक पेज उघडलं की फळवाटप, सत्कार, योग दिन, परत सत्कार. त्याखाली एखाद्याने विचारलेलं असतं, ‘सोनोग्राफीवाले डॉक्टर गुरुवारी येतेत का भाऊ?’ उत्तर कोणीच दिलेलं नसतं.

दिवसाची मजुरी बुडवून खेड्यातून येणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं, की आज गेलो तर काम होईल का. कोणते डॉक्टर कोणत्या दिवशी, एक्स-रे चालू आहे का, कुत्रा चावल्यावरची लस शिल्लक आहे का. ही माहिती आदल्या संध्याकाळीच टाका. सकाळी दहाला ‘आज डॉक्टर रजेवर’ टाकून उपयोग नाही, तोवर माणूस एसटीतून उतरलेला असतो. आणि सूचना फक्त पेजवर ठेवू नका. गावात ती पोचते आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

शिबिराची सूचना महिनोन् महिने फिरत राहते, कारण चित्रावर ‘येत्या रविवारी’ लिहिलेलं असतं. तारीख, वार, वर्ष आणि गावाचं नाव चित्रावरच मोठ्या अक्षरात घाला. शिबिर रद्द झालं तर नुसती पोस्ट काढून भागत नाही. फॉरवर्ड झालेली प्रत तुमच्या हातात राहत नाही. त्याच चित्रावर लाल अक्षरात ‘रद्द’ लिहून ते पुन्हा त्याच ग्रुपवर सोडा.

सगळ्यात महागात पडते ती फोटोंची चूक. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर होतं, तपासणीचं कार्ड हातात धरलेल्या मुलींना ओळीत उभं करून फोटो काढतात आणि तो पेजवर टाकतात. गडचिरोली, चंद्रपूरकडे हा आजार नवा नाही, पण सोयरीक जुळवताना तो फोटो कोणाच्या मोबाईलवर निघेल याचा भरवसा नाही. वाहक असणं, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो गुण आलेला असणं, हे आजारी असणं नव्हे, हे मुलाकडच्यांना कोण समजावणार? रांगेत उभ्या माणसाने मान डोलावली म्हणजे संमती झाली असं नाही. डॉक्टरांपुढे नाही म्हणायची आपल्याकडे सवयच नाही. फोटो हवाच असेल तर कर्मचाऱ्यांचा, यंत्राचा, फार तर पाठमोरा घ्या. मागच्या फळ्यावर रुग्णांची नावं नाहीत ना, तेही बघा.

कमेंटमध्ये कोणी शिव्या दिल्या तरी ‘तुमच्या आईची शुगर चारशे होती, गोळ्या तुम्हीच बंद केल्या’ असं उत्तर देऊ नका. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण रुग्णाची माहिती तुम्ही चावडीवर मांडली. ‘केसपेपर घेऊन या, किंवा या नंबरवर बोला’ एवढंच लिहा. आणि कमेंट पुसू नका. पुसली की तिचा स्क्रीनशॉट फिरतो.

रात्री इनबॉक्समध्ये ‘साप चावला, काय करू’ असा मेसेज येतो आणि सकाळपर्यंत कोणी बघत नाही. म्हणून आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा: रात्री हे मेसेज कोणी बघत नाही, 108 ला फोन करा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पेजवर सगळ्यात वरही हेच राहू द्या.

भाषेचं म्हणाल, तर ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ कोणी वाचत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत पोस्टरं येतात खरी, पण बारीक अक्षरांची. त्यापेक्षा कपाशीत औषध मारणाऱ्याला कळेल असा मिनिटभराचा ऑडिओ करा: वाऱ्याच्या दिशेने मारा, नोझल तोंडाने फुंकू नका, मळमळ झाली की अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन या. मेळघाटात हाच ऑडिओ कोरकूत करा, गडचिरोलीत गोंडीत. आवाज गावातल्याच ताईचा असला तर लोक शेवटपर्यंत ऐकतात.

शेवटी पासवर्डचं. पेज फार्मासिस्टच्या खासगी नंबरवर काढलेलं असतं, त्याची बदली झाली की पेज तसंच पडून राहतं आणि त्यावर दोन वर्षांपूर्वीची ओपीडीची वेळ दिसत राहते. पेज दवाखान्याच्या नंबरवर काढा, किमान दोन जणांना ॲडमिन करा, आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना किल्ल्यांसोबत याचीही नोंद घ्या.