तंबूच्या सहलीसाठी वॉकी-टॉकी घेताना

उन्हाळ्याच्या शेवटी, काजवे बघायला म्हणून, आम्ही भंडारदऱ्याच्या बाजूला रतनवाडीजवळ तंबू ठोकतो. सोबत सासूबाई, जाऊबाईंची मुलं, आमची दोघं. फोनची रेंज येते-जाते. एक गट अमृतेश्वराच्या देवळाकडे, एक पाण्याच्या काठाला, सासूबाई तंबूत. अशा वेळी वॉकी-टॉकी फार उपयोगी पडतात, पण त्या निवडून घ्याव्या लागतात.

सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटला परवाना लागत नाही. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात हा आकडा दिसला नाही तर घेऊ नका. विक्रेत्याकडे ईटीए, म्हणजे उपकरणाला मिळालेली सरकारी मान्यता आहे का, तेही विचारा. मे 2025 पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनी फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती द्यायची असा नियम आहे, त्यामुळे विचारायला संकोच करू नका. अमेरिकेतल्या भावाने आणलेली जोडी कितीही छान असली तरी इथे वापरू नका. तिकडचे घरगुती सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात, ती मोकळीक इथे नाही. स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे, वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेटही घरच्या सहलीसाठी नकोत.

खोक्यावरचे किलोमीटर मात्र मनावर घेऊ नका. या सेटची शक्ती जेमतेम अर्धा वॅट असते आणि लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. जलाशयाच्या एका काठावरून समोरच्या काठाला आवाज खणखणीत पोचतो; मध्ये डोंगराची सोंड आली की थोड्या अंतरावरही नुसती खरखर. सांधण घळीत उतरलेल्या माणसाशी वर तंबूत बसून बोलता येईल असं गृहीतच धरू नका. खडकाच्या भिंती सगळं अडवतात. तिथे एक मोठं माणूस सेट घेऊन घळीच्या तोंडाशी थांबवायचं आणि परत यायची वेळ आधीच ठरवायची.

मग सेट हातात घेऊन बघा. माझी कसोटी सासूबाईंची: चष्मा न लावता, अंधारात, बोलायचं बटण बोटाला सापडलं पाहिजे. बटणं लॉक करता येणं तर हवंच, कारण सात-आठ वर्षांचं पोर खेळता खेळता चॅनेल बदलतं आणि मग सगळे एकमेकांना शोधत बसतात. प्रायव्हसी कोड नावाची जी सोय असते तिच्याने बोलणं गुप्त राहत नाही. दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. चॅनेल आणि कोड सगळ्या सेटवर एकच लावा. आवाजाने आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा, वाऱ्यानेसुद्धा ती सुरू होते.

जूनमध्ये जाणार असाल तर पाण्याचं बघा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे चालतील. आयपी 67 चा सेट मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. चार्जिंग यूएसबीवर होणारं असेल तर फोनची पॉवर बँक चालते.

मुलांना आदल्या दिवशी सोसायटीच्या आवारात शिकवा. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट उभा धरा, तोंडापासून चार बोटं लांब. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणा आणि बटण सोडा, तोवर समोरच्याला बोलता येत नाही. हा अभयारण्याचा भाग आहे, म्हणून आवाज बारीक ठेवा किंवा इअरफोन लावा.

सेट बहुधा जोडीनेच मिळतात. पण तंबूत एक कायम राहायला हवा, म्हणून दोन गट फिरणार असतील तर तीन लागतात. दुसरी जोडी त्याच मॉडेलची घ्या, म्हणजे कोड जुळवायची कटकट राहत नाही.