एएचसीआय केलं की निळी स्क्रीन: जुन्या वर्कस्टेशनमध्ये एसएसडी, माझा अनुभव

विंडोज १० एसएसडीवर (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कशी बोलण्याचा मोड आयडीई या जुन्यावरून एएचसीआय या नव्यावर केला, की निळी स्क्रीन: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. नागपूरच्या सीताबर्डीहून नवी साटा केबल (डिस्क जोडायची) आणली, दोनदा क्लोन केलं, कुलरसमोर बसून कॅबिनेटमधली धूळही काढली. दोन रविवार वाया.

शेवटी जमलं ते असं. बायोस परत आयडीईवर आणून विंडोज सुरू केलं. 'एमएसकॉन्फिग' (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारी खिडकी) उघडलं, बूट टॅब, 'सेफ बूट'वर टिक, 'मिनिमल'. रीस्टार्ट होतानाच थेट बायोसमध्ये शिरून एएचसीआय निवडलं, सेव्ह. सेफ मोड (मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज) उघडला; एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजनं स्वतःच लावला. मग तीच टिक काढून रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्ड आठवत असू द्या. मी तिथंही दहा मिनिटं अडकलो.