रंगाच्या छटेआधी चकाकी ठरवा

भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर घरात चार दिवस चर्चा होते, पण मॅट (बिनचकाकीचा) घ्यायचा की सॅटिन (हलक्या चकाकीचा) हे दुकानात उभ्या उभ्या ठरतं. तसं करू नका. रात्री दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत तिरपा धरा. पुट्टीचे उंचवटे, जुन्या दुरुस्तीच्या कडा लगेच दिसतील. अशा भिंतीला मॅटच द्या. चकाकी जितकी जास्त, तितके हे दोष उठून दिसतात. छतालाही तोच. मात्र साध्या मॅटवरचा डाग जोरात पुसला की घासलेली जागा चमकू लागते, आणि ती चमक मग जात नाही. म्हणून स्विचबोर्डभोवती, जिन्यालगत, मुलांचे हात लागतात तिथे सॅटिन बरा. स्वयंपाकघर, बाथरूमला सेमी-ग्लॉस, म्हणजे सॅटिनहून जास्त चकाकीचा.