इंग्रजी साहित्य शिकायला ब्रिटनमध्ये आलात, आता पुढे

सप्टेंबर संपत आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात: मॉड्यूल (म्हणजे अभ्यासक्रमातला एकेक सुटा विषय) कुठलं घेऊ, पुस्तकं विकत घ्यावीत का, वर्गात बोलावंच लागतं का. मी इथे एम.ए.ला आले, राहिले, आणि आता पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. एकेकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं इंग्लंडमधल्या विद्यापीठांना धरून आहे. तुमच्या विभागाचं हँडबुक वेगळं सांगत असेल तर हँडबुकचं ऐका.

गुणांपासून सुरुवात करू, कारण रडारड तिथेच होते. शंभरपैकी बी.ए.ला ४० ला पास आणि ७० ला फर्स्ट क्लास. एम.ए.ला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ऐंशीच्या वरचा निबंध क्वचितच दिसतो. म्हणजे पहिल्याच निबंधाला ६४ पडले तर ती आनंदाची बातमी आहे. फक्त घरी फोन करण्याआधी ही पद्धत समजावून सांगा, नाहीतर पलीकडे बराच वेळ कुणी बोलणार नाही.

पण बरेच जण ५२-५३ वर अडकतात आणि त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नसतं. आपली मुलं वाचून आलेली असतात, व्याकरणही पक्कं असतं. निबंध मात्र लेखकाच्या जन्मापासून निघतो, कालखंड सांगतो, चार समीक्षकांची मतं देतो, मग कथानक. सगळं बरोबर, आणि समासात तपासणाऱ्याचा एकच शेरा: तुमचं म्हणणं काय? इथे माहितीला गुण जवळजवळ नसतातच. मजकुरात तुम्हाला काय दिसलं आणि त्यावरून तुम्ही काय सिद्ध करू शकता, एवढंच मोजलं जातं.

‘दिसणं’ म्हणजे काय, ते शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वरून सांगते. या नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत, १६०८ चा क्वार्टो (लहान आकाराची प्रत) आणि १६२३ चा फोलिओ (मोठ्या आकाराची प्रत). नाटकाच्या शेवटच्या चार ओळी क्वार्टोत लिअर राजाचा जावई ऑल्बनी याच्या तोंडी आहेत, फोलिओत ग्लॉस्टर या सरदाराचा मुलगा एडगर याच्या. नुसतं हे लिहिलंत तर ती माहिती झाली. आता त्याच्या जरा आधीचं पाहा. ऑल्बनी राजाशी एकनिष्ठ असलेला केंट आणि एडगर या दोघांना म्हणतो, राज्य तुम्ही सांभाळा. केंट नकार देतो. मग जर शेवटच्या ओळी एडगर बोलत असेल, तर ते त्याचं उत्तर आहे, हो म्हणणारं किंवा निदान जबाबदारी अंगावर घेणारं. त्याच ओळी ऑल्बनीने म्हटल्या, तर एडगर काहीच बोलत नाही, आणि राज्य कुणाकडे गेलं हे नाटक संपलं तरी कळत नाही. त्या ओळींमध्ये ‘आम्ही तरुण’ असा उल्लेख आहे. हा ‘आम्ही’ ऑल्बनीसारखा सरदार म्हणतो की वेड्या भिकाऱ्याच्या सोंगात रानोमाळ भटकलेला एडगर म्हणतो, यावर शेवटाचा सगळा सूर बदलतो. झाला तुमचा निबंध. दीड हजार शब्द यातून सहज निघतात आणि शेक्सपिअरच्या जन्मतारखेची गरज पडत नाही.

यातूनच आवृत्तीचा मुद्दा येतो. फुकट मिळालेलं कुठलंही ई-पुस्तक उघडून वर्गात बसू नका. बऱ्याच संपादित प्रतींमध्ये ‘लिअर’चे दोन्ही पाठ एकत्र केलेले असतात, आणि ते कुठे जोडले आहेत हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही. मेरी शेलीची कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची की १८३१ ची, हेही बघा: पहिल्यात एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची सख्खी आतेबहीण, दुसऱ्यात ती दत्तक आणलेली अनाथ मुलगी. एका प्रतीवरून तुम्ही नात्यांबद्दल मुद्दा मांडणार आणि समोरच्याच्या हातात दुसरी प्रत, म्हणजे अर्धा तास वाया. यादीत दिलेलीच आवृत्ती घ्या. जुनी, दुसऱ्याने पेन्सिलने रेघोट्या मारलेली चालेल.

सेमिनारमध्ये बोलावं लागतं का? लागतं. लेक्चरला शंभर जण असतील, पण सेमिनारला दहा-पंधरा, आणि तिथे कोपरा नसतो. शिकवणाऱ्याला सर किंवा मॅडम न म्हणता सरळ पहिल्या नावाने हाक मारायची असते. हे आपल्या जिभेला सुरुवातीला अजिबात झेपत नाही, पण जमतं. जाताना मोठं मत तयार करून नेऊ नका. एक पान क्रमांक आणि तिथला एक प्रश्न न्या: ‘इथे हा माणूस अचानक वर्तमानकाळात का बोलायला लागला?’ असा प्रश्न टाकणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. शिकवणाऱ्याचं म्हणणं पटलं नाही तर सांगा, पण बोट पानावर ठेवून सांगा. त्याला उद्धटपणा समजत नाहीत.

आणि ‘ही त्यांची भाषा, आपण पाहुणे’ हा विचार मनात असेल तर तारखा बघा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ साली निघाली आणि तिथे इंग्रजी साहित्य अभ्यासाला होतं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा सुरू झाली १८९४ साली, केंब्रिजमध्ये इंग्रजीचा ट्रायपॉस, म्हणजे तिथला पदवी अभ्यासक्रम, १९१७ साली. हा विषय आपल्याकडे कुठल्या राजकारणातून आला ते वेगळं प्रकरण आहे, आणि त्यावर एक चांगलं मॉड्यूल घेता येईल. पण आपण उशिरा आलेले नाही.

वाचनाचा वेग मात्र खरंच अंगावर येतो. एका मॉड्यूलला आठवड्याला एक कादंबरी, आणि अशी दोन-तीन मॉड्यूल्स. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली होती, तेव्हाच्या वाचकांनी ती वर्षभर पुरवली. तुम्हाला सात दिवस मिळतील. म्हणून यादी हातात आली की आधी जाडजूड पुस्तकं संपवा, कविता आणि नाटकं सत्रात वाचता येतात. समीक्षेची लांबलचक यादी पूर्ण वाचायची नसतेच.

संदर्भ देण्याची पद्धत एमएचआरए की एमएलए, ते विभाग सांगेल. पहिल्या निबंधापासून तीच धरा. टर्निटिनचा (दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा) टक्का बघून घाबरू नका, अवतरणंसुद्धा त्यात मोजली जाऊ शकतात. एआयबद्दलचे नियम मॉड्यूलगणिक वेगळे असू शकतात, तेव्हा शंका आली तर गृहीत धरण्यापेक्षा विचारून घ्या.

सर्जनशील लेखन (क्रिएटिव्ह रायटिंग) हा विषय घेतला असेल तर वर्कशॉपची सवय करावी लागेल. तुमची कथा आधी सगळ्यांना वाटली जाते, वर्गात तिच्यावर चर्चा होते, आणि बहुतेक ठिकाणी त्या वेळी लेखकाने गप्प बसायचं असतं. खुलासा करायचा नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ तर मुळीच नाही. चडफड होते, पण कथा तुमच्याशिवाय उभी राहते की नाही ते तिथेच कळतं. दुसऱ्यांच्या कथा दोनदा वाचा आणि ‘आवडली’ यापलीकडे काहीतरी लिहून न्या. चार आठवड्यांत तुमच्या कथेवर येणारे शेरेही सुधारतात. आपल्या मुलांची एक खोड सांगते. पदार्थाचं किंवा सणाचं नाव आलं की लगेच स्वल्पविराम आणि पुढे त्याची अख्खी कृती. वर्गात कुणीतरी ‘हे कळलं नाही’ म्हणालं की ही खोड वाढते. प्रसंगातून कळत असेल तर तसंच राहू द्या. वाचक तेवढे कष्ट घेतो.

निबंध अडला तर रॉयल लिटररी फंडाचा फेलो तुमच्या विद्यापीठात आहे का ते शोधा. हे स्वतः पुस्तकं लिहिणारे व्यावसायिक लेखक असतात, काही विद्यापीठांत बसतात, आणि कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला त्याच्या लिखाणाबद्दल समोरासमोर, मोफत आणि गुप्तता राखून सल्ला देतात. आश्चर्य म्हणजे त्यांच्याकडे इंग्रजीची मुलंच कमी जातात, बहुधा लाजून. याशिवाय शिकवणाऱ्यांचे ऑफिस अवर्स, म्हणजे भेटायच्या ठरलेल्या वेळा, असतात. निबंधाचा आराखडा घेऊन जा. पूर्ण मसुदा बरेच जण वाचत नाहीत.

शेवटची गोष्ट व्हिसाची, कारण लिहिणारी मुलं नेमकी इथे सापडतात. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा एम.ए. करताना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि पैसे घेऊन फ्रीलान्स लेख, भाषांतर किंवा संपादन करणं त्यात येऊ शकतं. ग्रंथालयात किंवा दुकानात पगारावर काम करणं वेगळं, आणि मासिकाला बिल पाठवणं वेगळं. तेव्हा कुणी मानधन देऊ केलं तर हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.